यशाचा हिशेब

एखाद्याला यश मिळाले असे आपण म्हणतो, तेव्हा नेमके काय मिळालेले असते? नाव, पैसा की माणसांचे प्रेम? ‘बे सिटी रोलर्स’ या स्कॉटिश वाद्यवृंदाची कथा वाचताना हा प्रश्न मनाला अस्वस्थ करतो.

एडिंबरा शहरातील अ‍ॅलन व डेरेक लाँगम्यूर या भावांनी १९६० च्या दशकात मित्रांना जमवून हा वाद्यवृंद उभा केला. १९७१ साली त्यांचे एक गीत ब्रिटनमधील लोकप्रिय गीतांच्या यादीत नवव्या क्रमांकावर आले. त्यानंतर पुन्हा उपेक्षा. १९७४ पासून मात्र वारे फिरले. १९७५ मध्ये ‘बाय बाय बेबी’ सलग सहा आठवडे ब्रिटनमध्ये अग्रस्थानी राहिले. जानेवारी १९७६ मध्ये ‘सॅटर्डे नाइट’ अमेरिकेतही पहिले आले. स्कॉटलंडच्या चौकड्यांच्या कापडाचे पट्टे लावलेला त्यांचा पोशाख घालून असंख्य मुली त्यांच्या दर्शनासाठी गर्दी करीत. दशक संपण्यापूर्वीच हा पूर ओसरला.

कीर्ती ओसरली, यात अन्याय नाही. रसिकांची आवड बदलणारच. खरी वेदना निराळीच आहे. लक्षावधी ध्वनिमुद्रिका विकल्या गेल्या, तरी आपला वाटा आपल्याला मिळालाच नाही, असे म्हणत वाद्यवृंदातील कलावंतांनी २००७ साली न्यूयॉर्कमध्ये खटला भरला. तडजोड व्हायला २०१६ उजाडले. ही मुले दारू नव्हे, दूध पितात, अशी निरागस प्रतिमा त्यांचा व्यवस्थापक टॅम पेटन याने जगापुढे ठेवली होती. त्याच पेटनला किशोरवयीन मुलांशी केलेल्या अश्लील वर्तनाबद्दल १९८२ साली तुरुंगवास झाला.

माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये, तो स्वतःच साध्य आहे, असे तत्त्वज्ञ कांट याने बजावले होते. येथे व्यापाराला विक्री हवी होती आणि चाहत्यांना स्वप्न. चाहत्यांचे प्रेम खोटे नव्हते. परंतु ते भिंतीवरच्या चित्रावर होते. त्या चित्रामागच्या मुलाचे काय चालले आहे, हे विचारणार कोण?

त्यांनी स्वखुशीने सह्या केल्या, मग तक्रार कसली, असे कोणी म्हणेल. परंतु विशीतल्या मुलाला कराराची कलमे कितपत उमजणार? ज्याला अधिक कळते, त्याची जबाबदारीही अधिक असते. दुसऱ्याच्या अजाणतेपणावर कमावलेला पैसा कायद्यात बसला, तरी नीतीत बसत नाही.

अ‍ॅलन लाँगम्यूर मूळचा नळकारागीर. कीर्तीचा बहर सरल्यावर पुढे त्याने पुन्हा तेच काम हाती घेतले. २०१८ साली तो निवर्तला. जगाच्या दृष्टीने ही घसरण असेल. परंतु गळका नळ दुरुस्त करून घेणारा निदान कारागिराच्या श्रमाचे मोल जाणतो आणि त्याचा मोबदला त्याच्याच हाती ठेवतो. टाळ्यांच्या कडकडाटात हा साधा व्यवहार कोणाला सुचला नाही. यश किती काळ टिकले, यापेक्षा ते मिळवताना माणसाला माणूस म्हणून कोणी वागवले का, हाच हिशेब मोठा आहे.