आजचं चिंतन : श्रेय, प्रेय आणि पंधरा हजारांचा फोन



आज कठोपनिषदातली दुसरी वल्ली वाचायला घेतली. यमधर्म नचिकेताला सांगतो, की श्रेय आणि प्रेय दोन्ही माणसाकडे सोबतच चालत येतात. धीराचा माणूस दोन्ही नीट पारखून वेगळं करतो आणि श्रेय निवडतो. मंदबुद्धीचा माणूस जे हवंहवंसं वाटतं तेच उचलतो. नचिकेतासमोर हत्ती, सोनं, दीर्घ आयुष्य मांडलेलं होतं. आपल्यासमोर दसरा-दिवाळीचा सेल असतो. आमिष लहान आहे म्हणून निवड सोपी होते, असं मात्र नाही.

एक उदाहरण घेऊ. पुण्यात नोकरी करणारी एक मुलगी आहे. आई-बाबा औंढा नागनाथजवळच्या गावात, घरी हळदीची शेती. आईसाठी फोन घ्यायचाय, बजेट पंधरा हजार. एका फोनमध्ये 108 मेगापिक्सेलचा कॅमेरा आणि 120 हर्ट्झची स्क्रीन. दुसऱ्यात 6000 एमएएचची बॅटरी, कॅमेरा बेताचा. तिसरा दिसायला दोघांपेक्षा साधा, पण कंपनी जास्त वर्षं अपडेट देणार म्हणते.

पैसा एकदाच खर्च होतो, म्हणून सगळं एकात मिळत नाही. बॅटरी मोठी घेतली की वजन वाढतं. स्क्रीन सेकंदाला 120 वेळा बदलली की चार्जिंग लवकर उतरतं. 108 मेगापिक्सेल हा आकडा मोठा दिसतो, पण असा कॅमेरा एरवी नऊ-नऊ पिक्सेल एकत्र करून 12 मेगापिक्सेलचाच फोटो देतो. फोटो चांगला येणं हे सेन्सरच्या आकारावर, भिंगावर आणि आतल्या सॉफ्टवेअरवरही अवलंबून असतं. कुठलीही निवड म्हणजे कशाचा तरी त्याग. इथवर गणित सरळ आहे.

आता वाटेल, की बॅटरी म्हणजे श्रेय आणि कॅमेरा म्हणजे प्रेय. वीज गेली तरी फोन चालला पाहिजे, फोटोंचं काय एवढं! पण आईला हळदीच्या पानावर पडलेल्या करप्याचा फोटो काढून कृषी सहायकाला पाठवायचा असेल तर? मग कॅमेराच श्रेय ठरतो. म्हणजे श्रेय-प्रेय फोनच्या खोक्यावर छापलेलं नसतं. ती वस्तू कुणाच्या हातात, कुठल्या कामासाठी जाणार आहे, त्यावर ते ठरतं.

खरी अडचण यापुढे आहे. हे ठरवायचं कुणी? आपण बरेचदा घरच्यांसाठी श्रेय शोधतो आणि स्वतःसाठी प्रेय. "आईला काय, साधा चालतो," आणि स्वतःची वेळ आली की "थोडा बरा घेऊ, रोज वापरायचाय." उपनिषदात यमधर्म इतका ज्ञानी, तरी त्याने नचिकेताच्या वतीने निवड केली नाही. त्याने दोन्ही समोर ठेवलं आणि मुलाला निवडू दिलं. मग आईला न विचारता तिचं श्रेय ठरवणारे आपण कोण? तिला नातवाचा चेहरा व्हिडिओ कॉलवर स्पष्ट बघायचा असेल, तर त्याला प्रेय म्हणून खाली ढकलायचा अधिकार आपल्याला नाही. आधी फोन लावून तिलाच विचारावं.

आणखी एक गोष्ट खोक्यावर नसते. फोनच्या बॅटरीत बहुधा कोबाल्ट असतं. जगात खाणींतून निघणाऱ्या कोबाल्टपैकी निम्म्याहून जास्त एकट्या काँगोतून येतं, आणि तिथल्या काही खाणींत लहान मुलं राबतात हे ॲम्नेस्टी इंटरनॅशनलच्या 2016 च्या अहवालाने जगापुढे आणलं. फोन न घेणं हा त्यावरचा उपाय नाही, आईशी बोलायचं तर तो लागणारच. पण घेतलेला फोन दोनऐवजी पाच वर्षं चालवणं आपल्या हातात आहे. म्हणून तिसऱ्या फोनची ती अपडेटची वर्षं आणि बॅटरी बदलून देणारं जवळपासचं दुकान, या नीरस वाटणाऱ्या गोष्टींचंही वजन धरायला हवं.

आपल्या नर्सी नामदेवचे नामदेवराय संतमेळ्यात गोरोबाकाकांच्या थापटण्याखाली आले, ती कथा सर्वांना ठाऊक आहे. बाकीचे संत शांत राहिले, नामदेवराय चिडले आणि मडकं कच्चं ठरलं. पुढे औंढ्याला विसोबा खेचरांकडे जाऊन ते पक्के झाले. फोन निवडतानाही प्रत्येक फीचरवर एक थाप मारून बघावी : हे मला वापरायचंय, की चारचौघांत दाखवायचंय? ज्या ठिकाणी हा प्रश्न ऐकून राग येईल, तिथे थोडं थांबावं.

तर आज एवढंच करू या. घरात ज्याच्यासाठी फोन घ्यायचाय, त्याच्या दिवसातली तीन कामं त्यालाच विचारून कागदावर लिहायची. मग सेलचं पान उघडायचं.

रामकृष्णहरी!