ज्याने शोधले, त्याने समजवावे



ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘कौन बनेगा करोडपती’ या कार्यक्रमात पाचवीतला एक मुलगा अमिताभ बच्चन यांच्याशी फटकळपणे बोलला. नियम मला ठाऊक आहेत, समजावू नका, असे त्याने सांगितले. मग देशभरातल्या अनोळखी माणसांनी मोबाईलवरून त्याला आणि त्याच्या आईवडिलांना नावे ठेवली.

संत लूकच्या शुभवर्तमानात (२:४१-५२) बारा वर्षांचा येशू मंदिरात गुरुजनांना प्रश्न विचारतो. ते त्याला हाकलत नाहीत, त्याच्या बुद्धीचे नवल करतात. मरियामाता मात्र त्याला जाब विचारते. कारण तिने आणि योसेफाने तीन दिवस कासावीस होऊन त्याला शोधलेले असते. त्याचे उत्तर त्यांना उमगत नाही. तरीही ते त्याला घरी नेतात आणि तो त्यांच्या आज्ञेत राहतो.

मुलांना वळण लावायलाच हवे. पण तो अधिकार त्यांच्यासाठी कासावीस होणाऱ्यांचा आहे, क्लिप पुढे पाठवणाऱ्यांचा नाही. तुमच्या व्हॉट्सॲपवर अशी क्लिप आली, तर ती तिथेच थांबवा आणि त्या मुलासाठी प्रार्थना करा. घरातल्या मुलाने अवघड प्रश्न विचारला, तर त्याला जवळ बसवून उत्तर द्या.

प्रभू आपल्या कुटुंबांना आशीर्वाद देवो.

तुमचा धर्मगुरू