जुन्या गाडीचें ऋण

आमच्या घराच्या मागल्या अंगणांत दोन मालवाहू गाड्या उभ्या असतात. लोकव्यवहारांत अशा गाडीस 'पिकअप' म्हणतात: पुढें दोघांतिघांना बसावयास जागा, आणि मागें माल भरावयास उघडा हौदा. त्यांपैकीं एक आमच्या वडिलांनीं १९९३ सालीं घेतली. दुसरी आम्हीं २०२१ सालीं घेतली. निफाड तालुक्यांतील आमच्या शेताचा कांदा लासलगांवच्या बाजारांत पोंचविण्याचें काम पहिलीनें अठ्ठावीस वर्षें केलें, आणि आतां तें दुसरी करते. गेल्या दसऱ्यास दोन्ही गाड्या धुऊन, झेंडूच्या माळा घालून आम्ही हळदकुंकू वाहत असतां आमचा पुतण्या म्हणाला, “काका, कामाची ती एकच; मग माळा दोन कशाला? भंगारवाला महिन्याकांठीं एकदां तरी विचारून जातो. ही देऊन कां टाकत नाहीं?”

आम्हीं त्या वेळीं कांहींतरी थट्टेचें उत्तर देऊन वेळ मारून नेली. परंतु मुलाला गप्प करणें वेगळें आणि प्रश्नाला उत्तर देणें वेगळें. ज्या वस्तूचें काम संपलें, जिच्या जागीं दुसरी येऊन रुळली, ती जपण्यांत मनुष्य खरोखर कांहीं कर्तव्य करीत असतो, कीं आपल्या मोहालाच तो कर्तव्याचें नांव देतो? निर्जीव वस्तूचें आपण कांहीं देणें लागतों काय? या प्रश्नाचा विचार आम्हीं गेले कांहीं महिने केला. तोच वाचकांपुढें मांडीत आहों.

प्रथम या वाहनाची जात पाहावी. १९२५ सालीं अमेरिकेंत फोर्ड कंपनीनें आपल्या 'मॉडेल टी' गाडीस कारखान्यांतच हौदा बसवून ती विकावयास काढली. तत्पूर्वीं तिकडील शेतकरी मोटारीचा मागचा भाग काढून तेथें स्वतःच फळ्यांची पेटी ठोकीत. आमच्या इकडे हँबुर्गच्या 'टेंपो' कंपनीच्या धर्तीच्या तीनचाकी गाड्या होऊं लागल्या, तेव्हां त्या कंपनीचें नांवच मराठींत सामान्यनाम होऊन बसलें. पुढें १९८८ सालीं टाटांच्या पुण्याच्या कारखान्यांतून 'टाटामोबाईल' बाहेर पडली आणि या देशांतही पिकअपचें युग सुरू झालें. या गाडीनें शेतकऱ्याच्या घरांत जो फरक पाडला, तो केवळ वेगाचा नव्हता. बैलगाडीनें माल नेणारा शेतकरी जवळच्या एका बाजाराला बांधलेला असे; परगांवचा भाव कानीं आला तरी तो त्याच्या उपयोगाचा नसे. हातीं स्वतःची पिकअप असलेला शेतकरी लासलगांवला भाव पडला तर पिंपळगांवची वाट धरूं शकला. हा स्वतंत्रपणा लहान नव्हे.

आतां पूर्वपक्ष ऐकूं. कारण तो दुबळा नाहीं. जुन्या गाडीच्या डिझेलाच्या धुरास सुगंधी धूप समजण्याचें कारण नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेनें २०१२ सालीं हा धूर मनुष्यास कर्करोग करणाऱ्या पदार्थांत गणला. १ एप्रिल २०२० पासून या देशांत 'भारत स्टेज ६' हे नियम लागू झाले, आणि इंधनांतील गंधकाचें प्रमाण दशलक्ष भागांत ५० होतें तें १० वर आलें. नवी गाडी या नियमांत बसते. जुनी जन्मली तेव्हां हे नियम करणाऱ्यांच्या स्वप्नांतही नव्हते. महाराष्ट्र सरकारनें २०१० सालीं जुन्या वाहनांवर पर्यावरण-कर बसविला, आणि २०२१ सालीं केंद्र सरकारनें जुनीं वाहनें मोडींत काढण्याचें धोरण जाहीर केलें. त्याचा हेतु उघड आहे: रस्ते निर्धोक व्हावेत, हवा स्वच्छ राहावी, आणि गंजत पडलेलें लोखंड भट्टींत जाऊन पुन्हा उपयोगीं पडावें. शिवाय दोन गाड्या बाळगणें हा परिग्रह आहेच. ज्या गांवांत अनेकांजवळ एकही गाडी नाहीं, तेथें एकानें दुसरी नुसती उभी करून ठेवावी, हें शोभतें काय? पुतण्याच्या चार शब्दांत हा सारा पूर्वपक्ष होता.

यावर पहिलें उत्तर सुचतें तें असें, कीं ही गाडी म्हणजे आमच्या वडिलांची वस्तु आहे. परंतु हें उत्तर टिकत नाहीं. वडिलांनीं घेतलेल्या गाडींतील आज उरलें आहे काय? तिचें एंजिन दोनदां उकलून नवें बोअर केलें. गिअरबॉक्स दुसऱ्या गाडीचा काढून बसविला. हौद्याचा पत्रा सडला म्हणून तीनदां बदलला. टायर किती झाले त्याची गणतीच नाहीं. प्लूटार्कनें सांगितलें आहे, कीं थीसिअसचें जहाज अथेन्सच्या लोकांनीं कुजलेल्या फळ्या बदलीत बदलीत जतन केलें, आणि तें तेंच जहाज कीं दुसरें याविषयीं तत्त्ववेत्त्यांत वाद माजला. आमच्या इकडे 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथांत भिक्षु नागसेन ग्रीक राजा मिलिंदास हाच पेंच रथाच्या दृष्टान्तानें घालतो. राजा रथांत बसून आला होता. दांडी म्हणजे रथ काय, आंस म्हणजे रथ काय, चाकें म्हणजे रथ काय, असें एकेक विचारून नागसेन त्यास कबूल करावयास लावतो, कीं यांपैकीं एकही रथ नव्हे. या सर्वांच्या जोडणीस व्यवहारासाठीं दिलेलें तें नांव आहे.

परिवहन कार्यालयाला हा वाद ठाऊक नाहीं. त्यानें सांगाड्यावर ठोकलेला क्रमांक हीच गाडीची ओळख ठरवून टाकली आहे. एवढ्यानें कायद्याचें काम भागतें, पण मनाचें भागत नाहीं. आम्हांस नागसेनाचा मार्ग बरा वाटतो, मात्र त्यांत थोडी भर घालून. ज्या जोडणीस आम्ही 'आमची गाडी' म्हणतों, तींत केवळ लोखंडाचे भाग नाहींत. तींत ती चालविणारे आणि दुरुस्त करणारे हातही आहेत. ही गाडी नादुरुस्त झाली तर आमचा मिस्त्री एंजिनाचा आवाज ऐकून दोष सांगतो, आणि चार पान्यांनीं शेताच्या बांधावर बसून तो काढतो. नव्या गाडीच्या एंजिनांत इंधन किती जावें हें संगणक ठरवितो. तिचा दोष पाहण्यास तिला यंत्र जोडावें लागतें. नवी पद्धति अधिक अचूक आहे, यांत शंका नाहीं. परंतु कान आणि हात यांनीं कमावलेली मिस्त्रीची विद्या ग्रंथांत लिहिलेली नाहीं. ती अशा गाड्यांवरच लिहिलेली आहे. शेवटली गाडी मोडींत गेली म्हणजे ती विद्याही तिच्याबरोबर गेली. जपण्याच्या बाजूनें हें एक कारण आम्हांस खरें वाटतें.

दुसरें कारण कृतज्ञतेचें सांगितलें जातें, आणि येथें आम्हांस अधिक सावध राहिलें पाहिजे. पोळ्याच्या दिवशीं आपण बैलांच्या खांद्याला लोणीहळद लावतों, त्यांना पुरणपोळी चारतों. मुंबईंत १८३४ सालीं पांजरपोळ स्थापन झाली, ती निराश्रित जनावरांस आश्रय मिळावा या बुद्धीनें. म्हाताऱ्या बैलास जर आपण सोडीत नाहीं तर म्हाताऱ्या गाडीस कां सोडावें, असा युक्तिवाद आम्हीं पुतण्यापुढें जवळजवळ केलाच होता. तो ओठांवर आला, आणि आम्हांस आढ्याला टांगलेलें जू दिसलें.

ती हकीकत सांगणें आम्हांस सोपें नाहीं. १९९३ सालीं ही गाडी घेतांना पहिल्या रकमेंत थोडे पैसे कमी पडत होते, तेव्हां वडिलांनीं घरची बैलजोडी विकली. बैल म्हातारे झाले होते. त्या वयाचा बैल बाजारांत कोण आणि कशासाठीं घेतो, हें शेतकऱ्यास कोणी सांगावें लागत नाहीं. वडील सकाळीं बैल घेऊन गेले, संध्याकाळीं एकटे परत आले, आणि त्या रात्रीं जेवले नाहींत. बैल कोणास दिले हें त्यांनीं घरांत कोणासही सांगितलें नाहीं, आणि आम्हींही विचारलें नाहीं. त्यानंतर दर पोळ्याला ते ही गाडी नदीवर नेऊन स्वतःच्या हातांनीं धूत. दसऱ्याला गाडी सगळेच धुतात. पोळ्याला धुणारे ते एकटेच. आम्हांस तेव्हां तो म्हाताऱ्याचा छंद वाटे.

म्हणजे जिवंत बैल विकून घेतलेली निर्जीव गाडी आम्ही कृतज्ञतेच्या नांवानें जपत आहों! बैलास भूक होती, त्याला रोज वैरण लागली असती, आजारपण काढावें लागलें असतें. गाडीला यांतलें कांहीं लागत नाहीं. तेव्हां आमची कृतज्ञता जेथें महाग होती तेथें आम्हीं ती दाखविली नाहीं, आणि जेथें स्वस्त आहे तेथें तिचा उत्सव करतों, असें कोणी म्हटलें तर आम्हांजवळ उत्तर नाहीं. वडिलांवर आम्ही ठपका ठेवीत नाहीं. त्या वर्षीं घरांत तीन मुलें शाळेंत होतीं, आणि दोन म्हातारे बैल पोसून शिवाय गाडी घेण्याची ऐपत नव्हती. परंतु गरजेनें केलेली गोष्ट गरजेची होती एवढ्यानें तिचें ऋण फिटत नाहीं. आमच्या समजुतीनें वडिलांना हें ठाऊक होतें.

येथें आम्हांस मूळ प्रश्नाचा थोडासा उलगडा झाल्यासारखा वाटतो. गाडीचें आपण कांहींच देणें लागत नाहीं. तिला सुखदुःख नाहीं. तिला सोडल्यानें तिचा विश्वासघात होत नाहीं. परंतु तिच्यामागें ज्यांचें देणें आहे ते आतां हयात नाहींत, किंवा बोलूं शकत नाहींत: वडील, ते दोन बैल, आणि रात्रीअपरात्रीं कांद्याच्या गोण्या भरणारे गडी. ऋणको जिवंत आणि धनको गेलेला, अशा वेळीं निदान खतपत्र तरी फाडून टाकूं नये, एवढा धर्म उरतो. जुनी गाडी हें आमच्या लेखीं असें खतपत्र आहे. तें ठेवल्यानें कर्ज फिटत नाहीं; कर्ज होतें याचा विसर मात्र पडत नाहीं.

तथापि खतपत्र ठेवण्याचा खर्च दुसऱ्याच्या माथीं मारतां येत नाहीं. धूर आमच्या ऋणाची चौकशी करून बाहेर पडत नाहीं. तो शाळेस पायीं जाणाऱ्या मुलाच्या छातींत जातो. म्हणून आम्हीं कांहीं मर्यादा घालून घेतल्या आहेत. जुन्या गाडीवर माल भरावयाचा नाहीं आणि तिच्यावर पैसा मिळवावयाचा नाहीं. गाडी नुसती उभी ठेवली तर बॅटरी उतरते, रबरी सीलें सुकतात, टाकींत पाणी धरून गंज चढतो, उंदीर तारा कुरतडतात. म्हणून महिन्यांतून एकदां तिला दोनचार मैल फिरवावयाचें, तेंही रस्त्यावर वर्दळ नसतांना. धुराचें प्रमाणपत्र, योग्यतेचा दाखला, कर, यांत सवलत मागावयाची नाहीं. आणि ज्या वर्षीं ती तपासणींत नापास होईल त्या वर्षीं तिला रस्त्यावर आणावयाचें नाहीं. हें सर्व नवी गाडी आहे म्हणूनच शक्य आहे. नवी ओझें वाहते म्हणून जुनीला विसांवा आहे. जुनी एकटीच असती तर आम्ही तिला जपलें नसतें. राबवून राबवून मोडली असती, जशी बहुतेक गाड्यांची गत होते. म्हणून जुनीचें कौतुक करतांना नव्या गाडीस नांवें ठेवण्याची जी चाल आहे, ती आम्हांस कृतघ्नपणाची वाटते.

उरला परिग्रहाचा आक्षेप. तो आम्ही पूर्णपणें खोडूं शकत नाहीं. एवढेंच म्हणतों, कीं या गाडीची किल्ली गांवांतील ज्या मुलास मिस्त्रीकाम शिकावयाचें असेल त्याच्यासाठीं मोकळी ठेवावी, असें आम्हीं मिस्त्रीस सांगितलें आहे. सध्यां दोन मुलें रविवारीं येतात. तीं एंजिन उकलतात आणि बहुधा जोडतातही. ज्या दिवशीं तिला हात लावणारें कोणी उरणार नाहीं आणि ती अंगणांत नुसती गंजत राहील, त्या दिवशीं ती मोडींत द्यावी, असें आम्हीं पुतण्यास बजावलें आहे. तेव्हां ती ठेवणें हा केवळ आळस होईल. लोखंड भट्टींत जाऊन त्याचा नांगर झाला तर त्यांत कोणतेंही पाप नाहीं.

हें बजावतांना आम्हीं त्याला बैलांची हकीकतही सांगितली. ती त्यानें प्रथमच ऐकली. थोडा वेळ तो गप्प राहिला आणि मग म्हणाला, “मग काका, पोळ्याला ही धुवायला मीही येतो.” आम्हीं होय म्हटलें. आढ्याचें जू मात्र तेव्हां आम्हीं खालीं काढून पुसलें. तीस वर्षांत त्याला कोणाचा हात लागला नव्हता.