अंतःशौच आणि जुन्या यंत्राचे तेल



भगवान पतंजलींनी योगशास्त्रात नियमांची गणना करताना पहिले स्थान शौचाला दिले आहे. श्रीमद्भगवद्गीतेच्या तेराव्या अध्यायातील ज्ञानाच्या लक्षणांत शौच आहे, आणि सोळाव्या अध्यायातील दैवी संपत्तीतही ते आहे. शास्त्रकार त्याचे दोन भेद मानतात : बाह्य आणि आभ्यंतर. बाह्य शौच स्नानाने साधते, आणि ते सर्वांस दिसते. आभ्यंतर शौच कोणास दिसत नाही, म्हणूनच त्याची हेळसांड होते. ही गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकत आलो; परंतु ती मनावर ठसली ती एका जुन्या मोटारसायकलीमुळे. देवळाच्या पत्रिकेत यंत्राचा विषय कशास, असे कोणी म्हणेल. परंतु ज्या घरी दसऱ्याला वाहनास झेंडूची माळ घातली जाते, त्या घरी हा दृष्टांत परका वाटू नये.

आमच्या घरी जुन्या बांधणीची बुलेट आहे. १९५५ पासून मद्रासला बनू लागलेल्या गाड्यांच्या वंशातली ही गाडी आमच्या तीर्थरूपांनी तरुणपणी घेतली, आणि पुष्कळ वर्षे तिच्यावरूनच ते पौरोहित्यास जात. पुढे ती पडवीत उभी राहिली. ती आम्ही पुन्हा चालू केली. टाकी घासून लखलखीत केली, चाकांच्या ताराही एकेक करून पुसल्या. इंजिनात तेल कमी दिसले म्हणून बाजारातील उत्तम, महाग तेल वरून ओतले. खालचा नट उघडून जुने तेल काढण्याचा आळस केला. भंवरकुआं चौकातून जाताना महाविद्यालयाची मुले थांबून गाडीकडे पाहत, आणि आम्हांस धन्यता वाटे.

त्याच वर्षी पितृपक्षात महूच्या एका यजमानांकडे श्राद्ध होते. तीर्थरूपांना मागे बसवून आम्ही निघालो. राऊ ओलांडल्यावर इंजिनातून ठोके ऐकू येऊ लागले, आणि थोड्याच वेळात गाडी जागीच अडकली. मिळेल त्या वाहनाने आम्ही महूला पोहोचलो, तोवर श्राद्धाची योग्य वेळ टळत आली होती. यजमानांच्या वृद्ध मातोश्री सकाळपासून निरशन बसून होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, परंतु त्यांचा सुकलेला चेहरा आम्ही विसरलो नाही. परतताना तीर्थरूप एवढेच म्हणाले, “अरे, टाकी रोज पुसलीस. पोटात एकदा तरी पाहिलेस का?”

मिस्त्रींनी इंजिन उघडले तेव्हा उलगडा झाला. बुलेटच्या जुन्या इंजिनात तेलाचा कोठा इंजिनाच्या पोटातच असतो. पंप तेथून तेल उचलतो, ते नमद्याच्या गाळणीतून पुढे जाते, क्रँकच्या बेअरिंगला न्हाऊ घालते आणि परत कोठ्यात येते. आमच्या कोठ्याच्या तळाशी वर्षानुवर्षांचा गाळ डांबरासारखा बसला होता. हल्लीच्या तेलात मळ सोडविणारी द्रव्ये असतात. त्यांनी तो गाळ सैल केला, तो गाळणीत जाऊन दाटला, आणि बेअरिंग तेलावाचून कोरडे पडून झिजले. तेल चांगलेच होते. त्याने आपले काम केले. चूक आमची होती. जुने न काढता त्यावर नवे ओतले, आणि त्यालाच आम्ही शुद्धी समजलो.

भाविकजनहो, आपल्या जीवनात असेच घडत नाही काय? मनाच्या तळाशी जुना मत्सर, भावाभावांतील अबोला, न फेडलेले ऋण तसेच ठेवून आपण वरून नवे व्रत, नवे पारायण ओततो. मग व्रताच्या तेजाने तो गाळ ढवळून वर आला की म्हणतो, देवाचे करूनही घरात अशांती का? व्रतात दोष नसतो. आधी खालचा नट उघडावयास हवा होता.

आणखी एक गोष्ट मिस्त्रींनी सांगितली, ती मोठ्या मोलाची वाटते. इंजिनातील मळ हा सर्वस्वी बाहेरून येत नाही. पेट्रोल जळते, त्याची काजळी पिस्टनच्या रिंगांमधून खाली झिरपते. लोखंडावर लोखंड फिरते, त्याचे बारीक कण सुटतात. म्हणजे जे यंत्र चालते, त्यात मळ होणारच, मग चालविणारा कितीही सज्जन असो. गाडी रोज चौकापर्यंतच नेली तर इंजिन पुरते तापत नाही, पाण्याची वाफ आतच थिजते आणि तेल ताकासारखे पांढरट होते. संसारही तसाच आहे. प्रपंच करताना मन मळले, यात लाज नाही; ते वेळेवर धुतले नाही, यात आहे. आणि दोन मिनिटांची कोमट प्रार्थना आतला ओलावा घालवीत नाही.

नव्या तेलाने लवकर काळे व्हावे, हा त्याचा दोष नव्हे. ते मळ आपल्या अंगावर घेते म्हणून काळे होते. घरातील आई, आजी अशाच सर्वांचे रुसवेफुगवे स्वतःवर घेत असतात. त्यांनाही विश्रांती हवी, हे आपण किती वेळा लक्षात घेतो?

आता आम्ही नेम धरला आहे. दोन-अडीच हजार किलोमीटर झाले की, किंवा गाडी कमी चालली तरी वर्षातून एकदा, तेल बदलावयाचे. गाडी प्रथम दहा-बारा किलोमीटर चालवून आणावयाची, कारण ऊन तेलाबरोबर मळ निघून जातो, थंड तेलात तो तळाशी बसून राहतो. खालचे नट उघडून शेवटचा थेंब गळेपर्यंत थांबावयाचे. गाळणी बदलावयाची. नरसाळे व डबा कोरडा, झाकलेला ठेवावयाचा, म्हणजे नवे तेल ओततानाच धूळ जाणार नाही. मग मोजपट्टीच्या खुणेइतकेच तेल भरावयाचे.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. काढलेले काळे तेल कोठे टाकावयाचे? पहिल्यांदा आम्ही ते घरामागील नाल्यात ओतावयास निघालो होतो. तीर्थरूपांनी हात धरला. इंदूरचे नाले कान्ह नदीस मिळतात, आणि कान्ह उज्जैनजवळ त्रिवेणीवर क्षिप्रेस मिळते. २०२८ च्या सिंहस्थात लक्षावधी भाविक ज्या क्षिप्रेत स्नान करतील, तिच्यात आमच्या यंत्राचा मळ मिसळला असता. २०१६ च्या नियमांनुसार वापरलेले तेल हा घातक कचरा आहे. ते वेगळ्या डब्यात साठवून, पुन्हा शुद्ध करणाऱ्यांकडे जाईल अशा ठिकाणी द्यावे लागते. २०१७ पासून स्वच्छतेसाठी आपल्या नगरीचे नाव देशभर झाले. परंतु रस्ता झाडून नदी मळविली, तर ते टाकी पुसण्यासारखेच झाले. आपला मळ दुसऱ्याच्या तीर्थात सोडणे हे शौच नव्हे.

ज्या देवी अहिल्याबाईंनी देशभर घाट आणि विहिरी बांधल्या, त्यांच्या नगरीत आपण राहतो. आपल्या वस्तीच्या नावातच कुआं आहे. विहिरीचा गाळ उपसावा लागतो, तेव्हाच तिचे पाणी गोड राहते. येत्या दसऱ्याला वाहनास माळ घालण्यापूर्वी प्रत्येकाने खालचा नट एकदा उघडावा, वाहनाचा आणि मनाचाही, अशी नम्र विनंती करून, सर्वांस निर्मळ बुद्धी लाभो ही श्रीचरणी प्रार्थना.

॥ शुभं भवतु ॥