वाटणी नसलेले फळ

बॅडमिंटनमध्ये एकेरीचे मैदान ५.१८ मीटर रुंद असते आणि दुहेरीचे ६.१. माणसे दुप्पट झाली तरी रुंदी वाढते ती जेमतेम ९२ सेंटीमीटर. मैदानाच्या मधोमध एक रेषा आखलेली असते खरी, पण तिचे काम सर्व्हिसपुरतेच. रॅली सुरू झाली की तिला कोणी विचारत नाही. टेबल टेनिसच्या दुहेरीत जोडीदारांनी आळीपाळीने चेंडू मारायचा असतो, त्यामुळे कोणता फटका कोणाचा हे नियमच ठरवून देतो. ज्या खेळाचे सुरुवातीचे नियम १८७०च्या दशकात पुण्याच्या छावणीत आखले गेले, त्या बॅडमिंटनने मात्र अशी वाटणी केलेली नाही. सर्व्हिस आणि तिचे उत्तर सोडले तर पुढचे शटल दोघांपैकी कोणीही घ्यावे. कोणी घ्यायचे, हे निमिषभरात आणि बहुधा न बोलता ठरते. अशा तऱ्हेने दोघांनी मिळून केलेल्या कर्माचे फळ नक्की कोणाचे? अर्धे एकाचे आणि अर्धे दुसऱ्याचे, हे सहज सुचणारे उत्तर मला चुकीचे वाटते. ते का चुकीचे, हे इंडोनेशियाच्या अप्रियानी राहायू या खेळाडूच्या कारकिर्दीवरून जितके स्पष्ट दिसते, तितके दुसऱ्या कोणत्या उदाहरणावरून दिसेल असे वाटत नाही.

अप्रियानीचा जन्म १९९८चा, सुलावेसी बेटाच्या आग्नेय भागातल्या कोनावे जिल्ह्यातला. २०१७ मध्ये तिची जोडी ग्रेसिया पोलीबरोबर लावली गेली. ग्रेसिया तिच्यापेक्षा जवळपास अकरा वर्षांनी मोठी. २०१४च्या आशियाई स्पर्धेत तिने नित्या कृशिंदा महेश्वरीबरोबर सुवर्ण जिंकले होते. नित्या दुखापतीने बाजूला झाल्यावर ग्रेसियाची कारकीर्दही संपत आली असे दिसत होते. एक मुस्लिम, दुसरी ख्रिस्ती. एक नवखी, दुसरी सगळे चढउतार पाहिलेली. २ ऑगस्ट २०२१ रोजी टोकियोत या दोघींनी चीनच्या चेन चिंगचेन आणि जिया यीफान यांना २१-१९, २१-१५ असे हरवले. इंडोनेशियाचे ऑलिंपिकमधले महिला दुहेरीतले हे पहिलेच सुवर्ण, आणि त्याने बॅडमिंटनच्या पाचही प्रकारांत त्या देशाच्या नावावर सुवर्णपदक लागले. त्या अंतिम सामन्यातली एक रॅली पुन्हा पुन्हा पाहण्यासारखी आहे. रॅली चालू असताना ग्रेसियाच्या रॅकेटची तार तुटली. तार तुटली म्हणून खेळ थांबत नाही. ती धावत मैदानाबाहेर गेली, ठेवलेली दुसरी रॅकेट उचलली आणि परत आली. तेवढ्या वेळात ६.१ मीटर रुंदीचे ते मैदान अप्रियानीने एकटीने सांभाळले. तो गुण इंडोनेशियाला मिळाला.

हा गुण कोणाचा? फटके मोजले तर त्यातले काही क्षण ग्रेसिया मैदानावर नव्हतीच. मग हिशेबाने तिचा वाटा कमी धरायचा का? पण अप्रियानीने मागे शटल उचलत राहणे, वेळ काढणे, याला अर्थ होता तो ग्रेसिया परत येणार होती म्हणूनच. एकेरी खेळणारी मुलगी तशी खेळली नसती. रिकाम्या जागेत कोणीतरी येणार आहे हे धरून मारलेला फटका हा एकटीचा फटका नव्हे. इथे आपली भाषाच आपल्याला थोडी फसवते. श्रेयाबद्दल बोलताना आपण शेतजमिनीचे शब्द वापरतो: वाटा, हिस्सा, वाटेकरी. सेतूच्या कामी आलेल्या खारीलाही आपण ‘वाटा’च दिला. जणू श्रेय म्हणजे सातबाऱ्यावर नोंदवायची जमीन. एकाला जास्त गेली की दुसऱ्याची कमी झालीच. जमिनीच्या बाबतीत हे खरे आहे. कर्माच्या बाबतीत ते खरे आहे का, हा प्रश्न आपल्याकडे फार पूर्वी अगदी काटेकोरपणे विचारला गेला होता.

तो विचारला मीमांसकांनी, म्हणजे वेदांतल्या यज्ञविधींचा अर्थ लावणाऱ्या पंडितांनी. एरवीच्या यज्ञात यजमान एक असतो आणि ऋत्विज दक्षिणा घेऊन काम करतात. काम कितीही जणांनी केले तरी फळ यजमानाचे. सत्र नावाच्या यज्ञप्रकारात मात्र निदान सतरा जण एकत्र बसतात आणि तेच यजमान, तेच ऋत्विज. बाहेरून कोणाला बोलावलेले नसते, म्हणून दक्षिणाही नसते. मग फळाचे काय? पूर्वपक्ष म्हणतो, कर्ता समूह आहे, तेव्हा फळ समूहाला, आणि प्रत्येकाच्या पदरी त्याचा अंश. जैमिनींच्या सूत्रांच्या सहाव्या अध्यायात याचे उत्तर येते: प्रत्येकाला संपूर्ण फळ. कारण ज्याला फळाची इच्छा आहे त्याला विधी सांगितला आहे, आणि फळाच्या सतराव्या हिश्शाची इच्छा धरून कोणी यज्ञाला बसत नाही. प्रत्येकाने संकल्प केला तो संपूर्ण कर्माचा, म्हणून प्रत्येक जण त्या संपूर्ण कर्माचा कर्ता. एका कर्माचे अनेक पूर्ण कर्ते असू शकतात, ही गोष्ट त्या काळी कोणी इतक्या निर्भयपणे मांडली याचे मला आजही अप्रूप वाटते.

या विवेचनातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भेद म्हणजे दक्षिणा आणि फळ यांतला. दक्षिणा वाटली जाते, वाटलीच पाहिजे. फळ वाटले जात नाही. स्पर्धांची बक्षिसाची रक्कम जोडीला मिळते आणि दोघांत विभागली जाते, ते योग्यच. पण ऑलिंपिकच्या मंचावर दोघींच्या गळ्यात दोन पूर्ण पदके येतात. इंडोनेशियाच्या सरकारने टोकियोनंतर ग्रेसियाला आणि अप्रियानीला प्रत्येकी ५५० कोटी रुपिया दिले. एकेरीच्या विजेत्याला जे दिले असते त्याचे अर्धे करून नव्हे. ही निव्वळ उदारता असे कोणी म्हणेल. मला वाटते, जोडी म्हणजे काय हे त्या समाजाला ठाऊक आहे. १ जून १९४५च्या भाषणात सुकार्नो यांनी पंचशीलाची पाच तत्त्वे मांडली, आणि ती एकाच शब्दात सामावायची तर तो शब्द ‘गोतोंग रोयोंग’ असेही सांगितले: सगळ्यांनी मिळून ओझे उचलणे. ज्या देशाने आपली राज्यकल्पना या शब्दावर उभी केली, त्याने जोडीच्या खेळाला एकेरीच्या तोलाचा मान दिला यात नवल नाही.

यावर पहिला आक्षेप व्यवहारी माणसाचा असेल. फळ प्रत्येकाला पूर्ण मिळणार असेल तर अंग राखून खेळणाऱ्याचे फावेल. एक राबेल आणि दुसरा पदक घालून फिरेल. दुहेरीचा खेळच याला उत्तर देतो. प्रतिस्पर्धी नेहमी दोघांतल्या कच्च्या बाजूवर मारा करतात. जो कमी पडतो त्याच्याकडेच शटल जास्त येते. लपायला जागा नसते. पण त्याहून खोल उत्तर संकल्पाचे आहे. सत्रात बसलेल्याला पूर्ण फळ मिळते ते जवळ बसल्यामुळे नव्हे, तर संपूर्ण कर्म अंगावर घेतल्यामुळे. ज्याने मनात ‘माझे एवढेच’ अशी रेघ ओढली, तो जोडीत उभा असूनही कर्ता उरत नाही. म्हणजे हा सिद्धांत कामचुकाराला सवलत देत नाही. उलट अर्ध्या वाट्याच्या कल्पनेत त्याला जी सोय होती तीच काढून घेतो. आणि याच कसोटीने कर्त्यांची सीमाही ठरते. अप्रियानीच्या लहानपणी वडिलांनी तिला लाकडाची रॅकेट करून दिली होती असे तिकडच्या वृत्तपत्रांनी लिहिले. प्रशिक्षक एंग हियान यांनी दोघींना घडवले. यांचे ऋण मोठे आहे, तरी त्या रॅलीचे कर्ते ते नव्हेत. ऋण मान्य करणे आणि कर्तृत्व वाटून टाकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरा आक्षेप मात्र खरोखर जड आहे. यश पूर्ण मिळते तर दोषही पूर्ण मिळायला हवा. ग्रेसिया पोलीच्या आयुष्यात हा प्रश्न प्रत्यक्ष उभा राहिला. लंडनच्या ऑलिंपिकमध्ये ३१ जुलै २०१२ रोजी महिला दुहेरीच्या दोन सामन्यांत चार जोड्या बाद फेरीत सोयीचा प्रतिस्पर्धी मिळावा म्हणून गटातला सामना हरू पाहत होत्या. एक जोडी चीनची, दोन दक्षिण कोरियाच्या, आणि चौथी इंडोनेशियाची: ग्रेसिया आणि मेलियाना जौहरी. जिंकण्याचा पूर्ण प्रयत्न न केल्याबद्दल दुसऱ्या दिवशी आठही खेळाडू बाद ठरले. त्या आठ जणींपैकी कोणाचे फटके जास्त वेळा जाळ्यात गेले याचा हिशेब कोणी मांडला नाही, आणि तो मांडायला हवा होता असे मलाही वाटत नाही. एकीने शटल जाळ्यात घालावे आणि दुसरीने शेजारी उभे राहून ते मान्य करावे, यात संकल्प दोघींचा होता.

पण इथे धर्मग्रंथ आडवे येतात असे वाटू शकते. कुणीही दुसऱ्याचे ओझे वाहणार नाही, हे कुराणात अनेक ठिकाणी बजावले आहे. कर्मसिद्धांतही ज्याचे त्याने भोगावे असेच सांगतो. मग जोडीदाराचा दोष माझ्या माथी कसा? माझे उत्तर असे की तो जोडीदाराचा दोष नव्हेच. दुसऱ्याचे ओझे आणि सामाईक ओझे यांत फरक आहे. पालखीला खांदा देणारा शेजारच्याची पालखी वाहत नसतो. ती त्याचीच असते, आणि शेजारच्याचीही तितकीच. जोडीदाराने तुमच्या नकळत लबाडी केली तर तो डाग तुमचा नाही, कारण त्या कर्मात तुमचा संकल्पच नव्हता. त्यातही दंड झालाच, तर तो नियमाचा भाग म्हणून सोसावा. पाप म्हणून नव्हे. संकल्प होता तिथे मात्र ‘माझा अर्धाच दोष’ असे म्हणता येत नाही. लंडनचा दोष ग्रेसियाकडे अख्खा होता म्हणूनच तो तिला अख्खा मागे टाकता आला. अपात्रतेच्या निर्णयाला नऊ वर्षे आणि एक दिवस झाला तेव्हा ती टोकियोच्या मंचावर उभी होती. मनातल्या मनात अर्धा दुसरीवर ढकललेला दोष फेडता येत नाही, कारण त्याचा तेवढा भाग कायम दुसरीच्या हाती राहतो.

गीतेच्या वाटेने येणारा आक्षेप असा की मुळात कर्ता मीच, हा भावच अज्ञान आहे. मग एक पूर्ण कर्ता की दोन, या चर्चेला काय अर्थ? अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणे सांगितली आहेत आणि कर्ता त्यांतला फक्त एक आहे, दैव पाचवे. मला यात विरोध दिसत नाही. तिथे निषेध आहे तो ‘केवळ मी’ या भावाचा. दुहेरी खेळणाऱ्याला हा धडा रोज गिरवावा लागतो: फटका माझ्या हातून झाला, पण तो शक्य केला शेजारी सरकलेल्या पावलाने. ‘केवळ’ गळून पडतो, जबाबदारी तशीच राहते.

उरतो शेवटचा आक्षेप, आणि तो अप्रियानीच्या पुढच्या कारकिर्दीतूनच येतो. यश तिचे पूर्ण होते, तर ते तिच्याबरोबर पुढे का गेले नाही? २०२२ मध्ये ग्रेसिया निवृत्त झाली. अप्रियानी सिती फादिया सिल्वा रामाधांतीबरोबर खेळू लागली. त्याच वर्षी हनोईला आग्नेय आशियाई स्पर्धेचे सुवर्ण, मग मलेशिया ओपन आणि सिंगापूर ओपन. पण २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ही जोडी गटातले तिन्ही सामने हरली, आणि सुवर्ण घेऊन गेल्या त्या चेन आणि जिया, टोकियोत हरलेल्या. यावरून कोणी म्हणेल की टोकियोतले खरे बळ ग्रेसियाचे. मग पुरुष दुहेरी खेळणाऱ्या तोनी गुनावानचे काय करायचे? तो २००० साली चांद्रा विजायाबरोबर ऑलिंपिक जिंकला, २००१ मध्ये हालिम हर्यांतोबरोबर विश्वविजेता झाला आणि २००५ मध्ये अमेरिकेकडून हॉवर्ड बाखबरोबर पुन्हा. त्याच न्यायाने उरलेल्या तिघांची पदके आपण परत मागणार का? पुढे काय जिंकले यावर मागचे फळ ठरत नाही. कौशल्य माणसाबरोबर जाते, वाढते, झिजते, दुखावते. झालेले कर्म जिथे झाले तिथेच पुरे झालेले असते. पॅरिसच्या तीन पराभवांनी टोकियोच्या त्या रॅलीतला एकही फटका कमी होत नाही.

इंडोनेशियाच्याच हेंद्रा सेतियावान आणि मार्किस किडो यांनी २००८ मध्ये बीजिंगला पुरुष दुहेरीचे सुवर्ण जिंकले. पुढे हेंद्रा मोहम्मद अहसानबरोबर खेळला आणि तीनदा विश्वविजेता झाला. जून २०२१ मध्ये, टोकियोच्या स्पर्धेला सव्वा महिना उरला असताना, किडो बॅडमिंटन खेळता खेळताच कोसळला आणि गेला, वय ३६. बीजिंगच्या त्या विजयाचा आता एकच कर्ता हयात आहे, आणि त्याच्याकडचे पदक पूर्वी होते तेवढेच आहे. किडोच्या घरी असलेलेही.