हळद हळदीसारखी दिसली पाहिजे

नांदेड

चि. बाईस,


काल अक्काचा फोन आला. लग्नसराईच्या पैशातून तू दुसरा मॉनिटर घ्यायचं म्हणतेस आणि दाजी विचारतात, एका माणसाला दोन-दोन पडदे कशाला? आपल्या घरात लग्नाचे व्हिडिओ एडिट करायचं हे काम मी आणलं, तेव्हा उत्तरही मीच द्यायला हवं.

व्हीएचएसच्या काळात मिक्सिंगला दोन पडदे लागायचेच. एका व्हीसीआरमध्ये ओरिजिनल कॅसेट, दुसऱ्यात कोरी, आणि प्रत्येकाला आपापला टीव्ही. एकावर काय आहे ते बघायचं, दुसऱ्यावर काय उतरतंय ते. अक्षता पडल्या की दोन्ही यंत्रांची बटणं नेमकी साधायची. जरा चुकलं की कॅसेट मागे घेऊन पुन्हा पहिल्यापासून. पुढे कॉम्प्युटर आला आणि सगळं एकाच पडद्यात कोंबलं गेलं. क्लिपा, टाइमलाइन, इफेक्ट आणि कोपऱ्यात पोस्टकार्डाएवढं चित्र. त्या पोस्टकार्डात नवरीच्या डोळ्यांतलं पाणी दिसत नाही, माय. म्हणून दुसरा पडदा.

घरात कसला आलाय स्टुडिओ, असंही दाजी म्हणाले म्हणे. त्यांना दादासाहेब फाळक्यांचं सांग. 1912 साली ते लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणि फिल्मला भोकं पाडायचं यंत्र घेऊन आले. फिल्म कोरी यायची. सरस्वतीबाई घरातच, रात्री अंधार करून त्या फिल्मला भोकं पाडायच्या, ती धुवायलाही हात लावायच्या. 1913चा ‘राजा हरिश्चंद्र’ असा दादरच्या एका बिऱ्हाडातून निघाला. माळवदाच्या घरातली तुझी खोली त्याच वाटेवरची आहे, असं मी मनापासून मानतो.

आता पैशाचं. दोन सारखे स्वस्त मॉनिटर घेऊ नकोस. तुझ्याकडचा जुना आहे तो टाइमलाइनला पुष्कळ झाला. सगळी रक्कम चित्राच्या एका पडद्यावर घाल. 24 इंची, आयपीएस पॅनल, 1920 बाय 1080, आणि एसआरजीबी रंग शंभर टक्क्यांच्या जवळ दाखवणारा. वेगवेगळ्या कंपन्यांचे दोन पडदे कधीच तंतोतंत जुळत नाहीत. जुळवायच्या मागे लागू नकोस. रंगाचा निर्णय नेहमी एकाच पडद्यावर घ्यायचा.

हे मला फार महागात पडून कळलं. मिनी डीव्हीच्या दिवसांत माझा मॉनिटर निळसर होता. चित्र थंड दिसायचं म्हणून मी पिवळा, लाल वाढवत गेलो. नवरीच्या घरच्या टीव्हीवर सीडी लावली तेव्हा हळद शेंदरासारखी दिसली, आणि तिच्या आजीचा चेहरा ताप भरल्यासारखा. दुरुस्त करायला ओरिजिनल कॅसेट राहिली नव्हती. तिच्यावर मी पुढचं लग्न शूट करून बसलो होतो. आजी पुढच्याच पावसाळ्यात गेली. त्या घरात तिचं हलतंबोलतं चित्र तेवढं एकच आहे.

म्हणून नवा पडदा आला की आधी त्याचा मेनू उघड. रंग एसआरजीबीवर किंवा 6500वर ठेव. डायनॅमिक कॉन्ट्रास्ट बंद, डोळ्यांना आराम म्हणून जो मोड देतात तोही बंद, कारण तो पडदा पिवळा करतो. विंडोजमधला नाईट लाइट वेळ लावून ठेवली असेल तर संध्याकाळी आपोआप चालू होतो, तो तर आठवणीने बंद कर. ब्राइटनेस पूर्ण चढवू नकोस. पडदा लख्ख असला की आपण नकळत चित्र काळवंडून ठेवतो आणि लोकांच्या घरी मंडपातले चेहरे दिसेनासे होतात.

तुझ्या खोलीची भिंत पोपटी ऑईलपेंटची आहे ना? पडद्यामागच्या तेवढ्या भागाला फिका राखाडी रंग दे. दिवसभर पोपटी भिंत बघणाऱ्या डोळ्याला गोरा, सावळा, काहीच नीट कळत नाही. खिडकी पश्चिमेची आहे, तेव्हा टेबल असं लाव की खिडकी बाजूला येईल. पाठीमागे आली तर उन्हाची तिरीप पडद्यावर, समोर आली तर डोळ्यांत.

सगळ्यात जास्त बघायचा पडदा नाकासमोर ठेव, हाताच्या अंतरावर, वरची कड डोळ्यांच्या रेषेत. दुसरा लगतच, थोडा तिरका, त्याच उंचीवर. दोन्ही सारखे बाजूला ठेवून मधल्या फटीसमोर मी वर्षानुवर्षं बसलो. माझी मान आज उजवीकडे पुरती वळत नाही.

केबल लावताना बघ, दोन्ही ग्राफिक्स कार्डाच्याच सॉकेटला जाऊ देत. मदरबोर्डच्या सॉकेटला लावल्या तर पडद्यावरचं चित्र त्या कार्डातून येत नाही. मग विंडोज आणि पी दाबून एक्स्टेंड निवड. एडिटिंगच्या प्रीमिअर सॉफ्टवेअरच्या प्रेफरन्समध्ये प्लेबॅकखाली दुसरा मॉनिटर टिकमार्क केला की पूर्ण पडदाभर चित्र येतं. तू 25 फ्रेमने शूट करतेस, म्हणून पडदा चालत असेल तर 50 हर्ट्झवर ठेव. 60वर प्रत्येक फ्रेम सारखा वेळ टिकत नाही, आणि वरात पुढे सरकताना चित्र अडखळतं. आपण उगाच क्लिपला दोष देतो. दोन्ही पडदे यूपीएसवर घे. असला मॉनिटर 25-30 वॉट खातो, लाईट गेली तरी सेव्ह करण्याइतका वेळ मिळतो.

तिसरा पडदा विकत घ्यायचा नाही. तो बैठकीत आहेच. काम संपलं की पेनड्राइव्ह अक्काच्या टीव्हीला लाव आणि सगळ्यांबरोबर जमिनीवर बसून बघ. काही टीव्ही चित्राच्या कडा कापतात; वर-वधूच्या नावातलं शेवटचं अक्षर गेलं का, ते तिथेच कळतं. मग तीच फाइल मोबाइलवरही बघ, हल्ली पाहुणे तिथेच बघतात.

येत्या गुरुवारी मी कंधारला येतोय. त्याआधी संध्याकाळी किल्ल्यावर जाऊन खंदकाच्या पाण्याचा एक शॉट घेऊन ठेव. तटाचा काळा दगड आणि त्याची पाण्यातली सावली वेगळी दिसते का, ते दोन्ही पडद्यांवर बघू. आणि अक्काला म्हणावं, वाटीभर हळद काढून ठेव. अंगणात उन्हात तिचा शॉट घे. मी आलो की तीच वाटी नव्या पडद्याशेजारी धरू.

तुझा,
मामा