शुद्धीच्या घागरी

२० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्याचं पाणी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी ओंजळीनं प्याले. नगरपालिकेनं ते तळं आधीच सर्वांना खुलं केलं होतं. जनावरांनी तोंड लावल्यानं ते बाटत नव्हतं. माणसं प्याली, आणि सनातन्यांनी शेण-गोमूत्र मिसळलेल्या घागरी ओतून, मंत्र म्हणत तळं 'शुद्ध' केलं. ते सनातनी घरी प्रेमळ असतील, दानधर्मही करत असतील. मला अस्वस्थ करतं ते हेच. तिरस्काराची टोचणी त्यांना लागली नाही, कारण श्रद्धेनं त्याला पुण्याचं रूप दिलं होतं. आजही घर भाड्यानं देताना आडनाव विचारणारे कितीतरी जण सकाळची पूजा आटोपूनच आलेले असतात.

महाडनंतर २९ वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ ला, बाबासाहेबांनी नागपुरात लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. त्यांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांमध्ये सर्व माणसं समान मानण्याची प्रतिज्ञा आहे. धर्माच्या नावानं इतकं सोसूनही त्यांनी धर्म ही गोष्टच टाकून दिली नाही. माणसाला माणूस मानणारा धम्म त्यांनी वर्षानुवर्षं अभ्यास करून निवडला.